'गार्बल' : चाळणीपासून विपर्यासापर्यंत
निवडीच्या एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थेतिहास आणि वऱ्हाडातील दोन साक्षी

प्रस्तावना

इंग्रजीतील 'गार्बल' या क्रियापदाचा अर्थ आज विचारला तर 'मजकुराची मोडतोड करणे', 'विपर्यास करणे', 'संदेश अस्पष्ट करून टाकणे' असे उत्तर मिळते. तारेतील अक्षरे उलटसुलट झाली, दूरध्वनीवरील आवाज फाटला, एखाद्या वक्त्याचे म्हणणे अर्धवट उद्धृत झाले, की हे क्रियापद वापरले जाते. परंतु सुमारे सहाशे वर्षांपूर्वी हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ नेमका उलट होता. चाळणे, कचरा काढून टाकणे, चांगला माल वेगळा करणे असा तो स्वच्छ, बाजारी आणि उपयुक्त अर्थ होता. शुद्धीकरणाचा वाचक असलेला शब्द अशुद्धीचा वाचक कसा झाला, हा प्रश्न केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. निवड करणे हेच ज्यांचे काम आहे त्या सर्वांना, म्हणजे संपादक, समीक्षक, भाषांतरकार, अभ्यासक्रम ठरविणारे आणि वर्गात शिकविणारे अशा सर्वांना, तो लागू पडतो.

प्रस्तुत लेखात प्रथम या शब्दाचा प्रवास पाहिला आहे. त्यानंतर मराठीतील निवडीच्या क्रियापदांशी त्याची तुलना केली आहे. शेवटी अमरावती-अकोला परिसरातील दोन प्रत्यक्ष उदाहरणे तपासली आहेत. त्यांपैकी एक कापसाच्या प्रतवारीचे आणि दुसरे 'लीळाचरित्रा'च्या पाठपरंपरेचे आहे. ही दोन्ही क्षेत्रे वरवर एकमेकांपासून दूर भासतात. तथापि 'निवडणाऱ्याने आपल्या निवडीचा हिशेब कोणाला आणि कसा द्यावा' हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

शब्दाचा प्रवास : मसाल्याच्या पेठेतून ग्रंथापर्यंत

अरबी भाषेत 'घिर्बाल' म्हणजे चाळणी व 'घर्बला' म्हणजे चाळणे. भूमध्य समुद्राच्या काठाने चालणाऱ्या मसाल्याच्या व्यापारात हा शब्द इटालियन व्यापाऱ्यांच्या तोंडी 'गार्बेल्लारे' असा झाला आणि पंधराव्या शतकात इंग्रजीत 'गार्बल' म्हणून स्थिरावला. मिरी, लवंग, सुंठ हा माल दूरच्या प्रवासानंतर बंदरात उतरे तेव्हा त्यात धूळ, देठ, काड्या आणि किडके दाणे मिसळलेले असत. तो चाळून, निवडून विक्रीयोग्य करणे म्हणजे 'गार्बल' करणे. या कामासाठी लंडन शहरात 'गार्बलर' नावाचा अधिकारी नेमला जाई. दुकानांत व वखारींत शिरून मसाले आणि औषधी द्रव्ये तपासण्याचा त्याला अधिकार होता. सतराव्या शतकाच्या आरंभी, पहिल्या जेम्सच्या कारकीर्दीत, मसाले नीट निवडले जावेत म्हणून इंग्लंडच्या संसदेने स्वतंत्र कायदाही केला होता.

येथे एक लहानसा तपशील लक्षणीय आहे. 'गार्बल' हा शब्द त्या काळी नाम म्हणूनही वापरला जाई आणि त्याचा अर्थ 'चाळल्यावर उरलेला कचरा' असा होई. म्हणजे एकाच शब्दात शुद्ध करण्याची क्रिया आणि त्या क्रियेतून निघालेली घाण ही दोन्ही नांदत होती. पुढील अर्थांतराची शक्यता या दुहेरीपणात आरंभापासूनच दिसते.

अर्थांतराची मधली पायरी नाण्यांच्या व्यवहारात सापडते. चलनातील नव्या, वजनदार नाण्यांना निवडून काढायचे, ती वितळवायची किंवा परदेशी पाठवायची आणि झिजलेली, हलकी नाणी पुन्हा बाजारात सोडायची, या सराफी उद्योगालाही इंग्रजीत 'गार्बलिंग' म्हटले गेले. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चलनविषयक ग्रंथात या प्रथेचा उल्लेख केला आहे. हाताची क्रिया येथेही तीच आहे. बदलला तो हेतू. मसाल्याचा चाळणारा ग्राहकासाठी कचरा काढत होता, तर नाण्यांचा चाळणारा स्वतःसाठी उत्तम ते काढून घेत होता व कचरा लोकांसाठी ठेवत होता.

याच सुमारास, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, हा शब्द मजकुराला लावला जाऊ लागला. एखाद्याच्या लेखनातून सोयीची वाक्ये तेवढी उचलायची, अडचणीची वगळायची आणि उरलेले 'लेखकाचे मत' म्हणून मांडायचे, याला 'गार्बल' करणे म्हटले गेले. या अर्थात शब्दांची मोडतोड अभिप्रेत नव्हती. उचललेले प्रत्येक वाक्य अस्सल असू शकते. खोटेपणा वाक्यात नसून निवडीत असतो. पुढे तारायंत्राच्या आणि बिनतारी संदेशांच्या काळात हेतूचा भागही गळून पडला, आणि नकळत झालेला कोणताही बिघाड 'गार्बल' ठरला. अशा रीतीने हितकारक निवड, स्वार्थी निवड, लबाड निवड आणि अखेर निव्वळ बिघाड अशा चार पायऱ्यांनी हा शब्द खाली उतरलेला दिसतो.

विसाव्या शतकात संख्याशास्त्राने व अर्थशास्त्राने या शब्दाला पुन्हा एक काटेकोर पारिभाषिक अर्थ दिला. डेव्हिड ब्लॅकवेल याने १९५० च्या दशकाच्या आरंभी माहितीच्या दोन स्रोतांची तुलना कशी करावी याचा सिद्धान्त मांडला. त्या चौकटीत, मूळ माहितीत दुसरे काहीही नवे न घालता तिच्यावर प्रक्रिया करून मिळालेली धूसर माहिती म्हणजे तिचे 'गार्बलिंग'. अशी प्रक्रिया केलेली माहिती निर्णय घेणाऱ्याला मूळ माहितीपेक्षा अधिक उपयोगी कधीच ठरू शकत नाही. फार तर ती तितकीच उपयोगी राहते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या निष्कर्षाची नोंद घेणे इष्ट आहे. वेचा, सारांश, संक्षेप आणि भाषांतर ही सर्व कामे आवश्यक आहेत. परंतु मूळ संहितेची जागा त्यांपैकी एकही घेऊ शकत नाही, ही जुनी जाणीव येथे वेगळ्या शास्त्राच्या भाषेत पुन्हा प्रकट झाली आहे.

चाळणी आणि समीक्षा यांचे गोत्र

'गार्बल'च्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दाचा संबंध व्युत्पत्तिकार उत्तरकालीन लॅटिनमधील 'क्रिबेल्लारे' म्हणजे चाळणे या क्रियापदाशी आणि 'क्रिब्रुम' म्हणजे चाळणी या नामाशी जोडतात. हा संबंध मानल्यास एक विलक्षण नाते समोर येते. लॅटिन 'क्रिब्रुम' आणि ग्रीक 'क्रिनेइन' म्हणजे वेगळे करणे, निर्णय देणे, हे दोन्ही एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत. ग्रीक क्रियापदापासून 'क्रितिकोस' आणि त्यापासून इंग्रजी 'क्रिटिक' व 'क्रिटिसिझम' आले. निर्णयाचा क्षण या अर्थाचा 'क्रायसिस' हाही तेथलाच. म्हणजे समीक्षा आणि विपर्यास यांची वाचक असलेली दोन इंग्रजी पदे एकाच चाळणीतून निघालेली भावंडे ठरतात.

भारतीय परंपरेतही हेच रूपक आहे. संस्कृतातील 'विच्' या धातूचा मूळ अर्थ वेगळे करणे, विशेषतः दाणे आणि कोंडा वेगळे करणे असा आहे. मराठी समीक्षेत रोज वापरले जाणारे 'विवेचन' आणि नीतिविचारातील 'विवेक' हे दोन्ही शब्द याच धातूचे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकाहत्तरावे सूक्त वाणीविषयी आहे. ज्ञाते पुरुष चाळणीतून सातूचे पीठ चाळावे तशी मनाने वाणी शुद्ध करतात, अशी उपमा त्यात येते, आणि पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात व्याकरणाच्या अभ्यासाचे प्रयोजन सांगताना त्या ऋचेचा आधार घेतला आहे. धान्य निवडण्याच्या घरगुती कामातून बुद्धीच्या सर्वोच्च व्यापाराला नाव मिळावे, हे दोन्ही परंपरांत सारखेच घडले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा 'खरा' अर्थ, असे मानणे भाषाशास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे. अर्थ वापरातून ठरतो. त्यामुळे 'समीक्षा म्हणजे मुळात चाळणे, म्हणून समीक्षकाने फक्त चाळावे' असा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. व्युत्पत्ती आज्ञा करीत नाही, ती केवळ साक्ष देते. 'गार्बल'ची साक्ष एवढीच आहे की निवड आणि विपर्यास या क्रिया स्वरूपाने भिन्न नाहीत. त्यांतील भेद बाहेरून, म्हणजे हेतूने आणि हिशेबाने, ठरतो.

मराठीतील निवडीची क्रियापदे

मराठीत, आणि विशेषतः वऱ्हाडच्या शेतकरी घरात, निवडीच्या प्रत्येक प्रकाराला वेगळे क्रियापद आहे. खळ्यावर वाऱ्याच्या आधाराने उफणतात, सुपात पाखडतात, चाळणीत चाळतात, ताटात घेऊन निवडतात, शेतात बोंडातून कापूस वेचतात, पातळ पदार्थ गाळतात आणि सोने-नाणे पारखतात. साधन, माल आणि हालचाल बदलली की शब्द बदलतो. ही केवळ शब्दसमृद्धी नव्हे. प्रत्येक शब्दात निवडीचा निकष दडलेला आहे. उफणताना व पाखडताना वजन हा निकष असतो, चाळताना आकार, वेचताना पक्वता, तर निवडताना नजर.

या शब्दांचे लाक्षणिक अर्थ पाहिले असता 'गार्बल'च्या प्रवासाशी त्यांचे साम्य जाणवते. 'निवडणे' या क्रियापदाच्या कुळातच 'निवाडा' हा शब्द आहे. ग्रीकमध्ये वेगळे करण्यातून न्यायनिर्णय आला, तसाच मराठीतही आला, आणि पुढे 'निवडणूक' हा लोकशाहीचा शब्दही त्याच कुळातून घडला. याउलट 'पाखडणे' या क्रियेतून 'आगपाखड' निघाली. धान्य पाखडले तर दाणे उरतात. आग पाखडली तर काहीच उरत नाही. 'चाळणे' हे कसोशीचे काम असले तरी 'पुस्तक चाळणे' म्हणजे वरवर पाने उलटणे. 'गाळणे' या क्रियापदात तर 'गार्बल'चा दुहेरीपणा जसाच्या तसा आहे. 'गाळून घेणे' म्हणजे शुद्ध करणे आणि 'गाळून टाकणे' म्हणजे वगळणे. पु. ल. देशपांडे यांनी वाङ्मयेतिहासाच्या विडंबनाला 'मराठी वाङ्मयाचा गाळीव इतिहास' हे नाव दिले, त्यातील विनोद याच दुहेरीपणावर उभा आहे.

'वेचणे' या क्रियापदाची कथा वाङ्मयाच्या अध्यापकाला अधिक जवळची आहे. कापूस वेचणे आणि ग्रंथातून उतारे वेचणे यांसाठी मराठीने एकच शब्द ठेवला, म्हणून पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांना 'वेचे' म्हणण्याची पद्धत पडली. या साम्यामुळेच पुढील दोन उदाहरणे एकत्र ठेवून पाहणे सयुक्तिक ठरते.

पहिली साक्ष : 'उमरावती' नावाचा कापूस

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी जागतिक महत्त्व आले. लिव्हरपूलच्या बाजारात हा कापूस अमरावतीच्या तत्कालीन नावावरून 'ऊमरावती' आणि पुढे संक्षेपाने 'ऊमरा' या प्रतीने ओळखला जाई. एका गावाचे नाव अशा रीतीने मालाच्या प्रतीचे नाव झाले.

परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील व्यापारी वर्गीकरण पाहिले असता 'ऊमरा' या सदराखाली वऱ्हाडाबरोबरच मध्य प्रांत, खानदेश, मध्य भारत, बार्शी-नगर आणि हैदराबाद संस्थानातील कापूसही मोडत असल्याचे दिसते. जे नाव मालाचे मूळ सांगण्यासाठी योजले होते ते मूळ झाकण्यासाठी पुरेसे व्यापक झाले. येथे कोणी खोटे बोलले असे म्हणता येत नाही. प्रतवारीच्या सोयीसाठी चाळणीची भोके मोठी केली गेली, एवढेच. नावाचे 'गार्बल' होणे ते हेच.

कापसातील भेसळ आणि मिसळ हा या व्यापारातील जुना रोग होता. मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करण्यात आला. तो मुख्यतः तपासनीस नेमून व शिक्षा ठोठावून भेसळ रोखू पाहत होता. पुढे इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या काळात दोन वेगळ्या प्रकारचे कायदे झाले. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने एका प्रदेशातील हलका कापूस दुसऱ्या प्रदेशात आणून मिसळण्यावर निर्बंध घालण्याची सोय केली. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर दाबणाऱ्या प्रेसचे चिन्ह व अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले. या दुसऱ्या उपायाचे तत्त्व विचारात घेण्याजोगे आहे. गाठ उघडल्यावर मिसळ आढळली तर ती कोणत्या प्रेसमधून आली हे आता सांगता येऊ लागले. गाठ शुद्ध असेलच अशी हमी चिन्हाने मिळत नव्हती. जबाबदार कोण, हे मात्र समजत होते.

या साखळीच्या अगदी आरंभी असलेल्या व्यक्तीचा विचार केल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होत नाही. कापसाची पहिली प्रतवारी शेतातच होते, आणि ती वेचणाऱ्या स्त्रिया करतात. पूर्ण फुटलेले बोंड वेचायचे, पाला-कचरा लागू द्यायचा नाही, कवडी वेगळी ठेवायची, फरदडीचा कापूस आधीच्या वेचणीत मिसळायचा नाही, हे ज्ञान त्यांच्या बोटांत असते. मजुरी मात्र किलोवर मिळते. म्हणजे कौशल्य निवडीचे आणि मोबदला वजनाचा, अशी ही विसंगती आहे. निवडीला किंमत नसेल तर वेग वाढतो आणि वेगाबरोबर कचराही येतो. पुढे बाजारात ज्याच्या एका नजरेवर भाव ठरतो तो प्रतवारी करणारा वेगळाच असतो. १९७२ पासून महाराष्ट्रात राबविण्यात आलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या तीन दशकांत 'ग्रेडर' हा शब्द वऱ्हाडी बोलीत पूर्णपणे रुळला तो यामुळेच. प्रत कमी का लागली याचे कारण लेखी मिळण्याची अपेक्षा शेतकऱ्याने करू नये, अशी ही व्यवस्थेची धारणा होती. जेथे निवडणारा कारण देण्यास बांधलेला नसतो, तेथे निवड योग्य असली तरी तिच्यावर विश्वास बसत नाही. ही अविश्वासाची किंमत कापसाच्या भावात दिसत नाही, पण ती असते.

दुसरी साक्ष : रिद्धपूरची स्मृती आणि 'वासना'

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे आद्य केंद्र. श्रीगोविंदप्रभूंचे हे स्थान. येथेच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी एकत्र करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. आजचे मराठी भाषा विद्यापीठ, ज्याचा कायदा २०२३ मध्ये झाला, ते रिद्धपूरलाच स्थापन व्हावे यामागे हीच पार्श्वभूमी आहे.

म्हाइंभटांच्या कार्यपद्धतीविषयी परंपरेने जपलेली माहिती अशी की ज्या प्रसंगी जो शिष्य उपस्थित होता त्याच्याकडे स्वतः जाऊन त्यांनी ती लीळा ऐकली आणि नागदेवाचार्यांकडून तिची शहानिशा करून घेतली. म्हणजे 'लीळाचरित्र' हा आरंभापासूनच निवडलेला, पारखलेला ग्रंथ आहे. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली आणि शिष्य-प्रशिष्यांनी आपापल्या स्मरणातून तो पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. आठवणारे अनेक, म्हणून पाठही अनेक. यातून मोठा गोंधळ माजणे स्वाभाविक होते. ज्याला आज 'गार्बल्ड टेक्स्ट' म्हटले जाईल, तशी संहिता हाती येण्याची सर्व परिस्थिती येथे उपस्थित होती.

परंतु महानुभाव परंपरेने एक असाधारण मार्ग अवलंबिला. निरनिराळ्या पाठांतून एकच 'शुद्ध' पाठ निवडून बाकीचे टाकून देण्याऐवजी, आठवणाऱ्याच्या नावासह पाठ जपले गेले. अशा स्मृतिपाठाला 'वासना' ही संज्ञा आहे. हिराइसेची वासना, परशरामबासांची वासना, रामेश्वरबासांची वासना असे उल्लेख म्हणजे पाठभेदांची नावानिशी नोंदच होय. कापसाच्या गाठीवर प्रेसचे चिन्ह असावे त्याप्रमाणे येथे पाठावर स्मरणकर्त्याचे नाव आहे. पाठ अचूक असल्याचा दावा त्यात नाही. तो कोणाच्या तोंडून आला एवढे त्यात सांगितलेले आहे. आधुनिक पाठचिकित्सेने युरोपात जे तत्त्व मुद्रणयुगात प्रस्थापित केले, त्याच्या जवळपास येणारी जाणीव वऱ्हाडातील एका मराठी परंपरेत चौदाव्या शतकात होती, हे निःसंशय महत्त्वाचे आहे.

दुसरे उदाहरण 'सूत्रपाठा'चे. केसोबासांनी लीळांमध्ये विखुरलेली श्रीचक्रधरांची वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. ही खरोखरच वेचणी होती. प्रसंगातून वचन उचलले की ते आटोपशीर आणि पाठांतराला सोयीचे होते. पण ते कोणाला उद्देशून, कोणत्या प्रश्नावर उच्चारले होते, हा संदर्भ सुटतो. परंपरेला हा धोका जाणवला होता. म्हणून सूत्र कोणत्या प्रसंगी आले हे सांगणारी 'प्रकरणवश' ही स्वतंत्र ग्रंथरचना पंथात निर्माण झाली. वेचलेल्या बोंडाबरोबर त्याचे झाड दाखवून देणारी ही व्यवस्था होय.

अर्थात या परंपरेचे केवळ गौरवगान करून थांबणे समीक्षेला शोभणारे नाही. त्याच परंपरेने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बद्ध केले आणि अनेक शतके ते पंथाबाहेरच्या वाचकाच्या दृष्टीआड राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केला. यवतमाळच्या शारदाश्रमाच्या माध्यमातून य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाचा शोध घेतला. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांनी 'लीळाचरित्रा'च्या आवृत्त्या सिद्ध केल्या. या आवृत्त्यांमध्ये लीळांची संख्या, क्रम आणि पाठ यांत फरक आहेत. म्हणून 'लीळाचरित्रात असे म्हटले आहे' हे विधान आवृत्तीचा निर्देश केल्याविना अपुरे ठरते. लिपीच्या बंधनामुळे नावांची नोंद सुरक्षित राहिली, पण ती तपासू शकणारे डोळे मर्यादित राहिले. हिशेब लिहिलेला असणे आणि तो सर्वांना पाहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेचे आणि वर्ग : अध्यापकाची चाळणी

आता हा प्रश्न महाविद्यालयीन वर्गापर्यंत आणणे आवश्यक आहे. केसोबासांचा 'दृष्टांतपाठ' मराठीच्या अभ्यासक्रमांतून दीर्घकाळ शिकविला जातो. त्यातील प्रत्येक एककाची रचना तीन भागांची आहे. आरंभी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र हे प्रतिपाद्य, दृष्टांत ही कथा आणि दार्ष्टांतिक म्हणजे कथा प्रतिपाद्याला कशी लागू पडते याचे स्पष्टीकरण. जन्मांध आणि हत्ती यांचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. वर्गात अनेकदा घडते ते असे की कथा तेवढी सांगितली जाते, तिचे साधे-सोपे गद्य वाखाणले जाते आणि अलीकडचे सूत्र व पलीकडचे दार्ष्टांतिक मागे पडते. मग तीच कथा 'सर्वांचेच थोडे थोडे बरोबर असते' अशा आजच्या उदार बोधवचनाची वाहक होते. तो बोध वाईट नाही. पण तो महानुभाव तत्त्वज्ञानाने त्या कथेकडून मागितलेला बोधही नाही. कथेतील एकही शब्द बदललेला नसताना तिचा विपर्यास झालेला असतो. 'गार्बल'चा सतराव्या शतकातील अर्थ येथे तंतोतंत लागू पडतो.

यावर एक आक्षेप संभवतो. तासिका मर्यादित, अभ्यासक्रम मोठा आणि विद्यार्थ्यांची प्राचीन मराठीची तयारी बेताची, अशा स्थितीत वेचे घेतल्यावाचून गत्यंतर नाही. मग प्रत्येक वेच्याला विपर्यास म्हणणार काय? हा आक्षेप रास्त आहे. ब्लॅकवेलच्या सिद्धान्तानुसारही निवडीने माहिती वाढत नाही, परंतु म्हणून निवड त्याज्य ठरत नाही. सर्व काही वाचणे अशक्य असते तेथे निवड अटळ असते. म्हणून निवड करावी की करू नये हा प्रश्नच गैरलागू आहे. खरा प्रश्न निवडीच्या अटींचा आहे, आणि वरील दोन साक्षींमधून अशा तीन अटी हाती लागतात.

पहिली अट नावाची. निवड कोणी केली हे निवडीवर लिहिलेले असावे. प्रेसचे चिन्ह आणि 'वासना' या दोन्हींचे तत्त्व हेच. दुसरी अट निकषाची. कोणत्या कारणाने हे घेतले व ते वगळले, हे ज्याला निवडीचा परिणाम भोगावा लागतो त्याला विचारता यावे. कापसाच्या प्रतवारीत नेमकी हीच अट उपेक्षित राहिली. तिसरी अट परतीच्या वाटेची. वेच्यापासून मूळ संहितेकडे जाण्याचा मार्ग वाचकासाठी मोकळा असावा. 'प्रकरणवशा'ने तो ठेवला, सांकेतिक लिपीने तो अरुंद केला. या तीन अटी पाळणारी निवड चुकीची ठरली तरी दुरुस्त करता येते. त्या न पाळणारी निवड बरोबर असली तरी ती पडताळून पाहता येत नाही.

समारोप

लंडनमधील 'गार्बलर'चे पद अठराव्या शतकापासून मागे पडत गेले आणि त्याच्या कामाचा मूळ अर्थही सामान्य वाचकाच्या स्मरणातून निघून गेला. शब्दाने मात्र आपल्या पोटात एक इशारा जपून ठेवला. चाळणाऱ्याच्या हातून होणारा बिघाड बाहेरून आलेला नसतो. तो चाळण्याच्याच क्रियेतून जन्म घेतो. म्हणून समीक्षा आणि विपर्यास ही दोन टोके नसून एकाच सुपाच्या दोन कडा आहेत, असे म्हणावे लागते.

वऱ्हाडच्या भूमीत या प्रश्नाची दोन उत्तरे उपलब्ध आहेत, आणि ती एकमेकांना पूरक आहेत. कापसाच्या इतिहासातून असे दिसते की प्रतीचे नाव मूळ झाकू शकते आणि कारण न देणारा निवाडा विश्वास गमावतो. रिद्धपूरच्या ग्रंथपरंपरेने हे दाखवून दिले की मूळ हरवल्यावरही, आठवणाऱ्यांची नावे जपून, प्रामाणिक संहिता उभी करता येते. वाङ्मयाच्या अध्यापकाला या दोहोंचा लाभ घेता येईल. दृष्टांत शिकविताना त्याचे सूत्र आणि दार्ष्टांतिक फळ्यावर लिहिणे, उतारा देताना आवृत्तीचे नाव सांगणे, संक्षेप करताना काय वगळले याची एका ओळीत नोंद करणे, ही कामे लहान आहेत. मात्र शेतात बोंड वेचणाऱ्या बाईला कवडी आणि कापूस यांतील फरक जितका स्पष्ट दिसतो, तितकाच स्पष्टपणे विद्यार्थ्याला वेचा आणि ग्रंथ यांतील फरक दिसू लागणे, हे याच लहान कामांवर अवलंबून आहे.